कोपऱ्यातला जेलीफिश

लेक झाल्यावर चार वर्षांनी घरबसल्या काम मिळालं. समुद्रतळाच्या दरीतले व्हिडिओ बघून जेलीफिश मोजायचे. सगळे वाहत जायचे, कोपऱ्यातला एक मात्र जागचा हलत नव्हता. “आई, तो मी केलाय,” लेक म्हणाली. “गप्प बस. कामात लुडबुड नको,” मी खेकसले. अहवालात ऐटीत लिहिलं, ‘प्रवाहातही स्थिर, बहुधा नवा प्रकार.’ दुपारी मॅडमचा फोन आला. “अगं, आम्हाला कुणालाच तो दिसत नाहीये. नीट बघ बरं.” मी व्हिडिओ बंद केला. काळ्या स्क्रीनवर जेलीफिश तसाच होता, इवल्या बोटाएवढा, जॅमचा. मॅडम वाट बघत होत्या. “मुलीनं डाग पाडला हो,” मी म्हणाले, “मला काही सांगितलंच नाही तिनं.” मागे लेक उभी होती. तिनं फ्रॉकचं टोक ओठांनी ओलं केलं आणि स्क्रीन पुसायला लागली.