चार बोटं वर

सासूबाई बसल्या की जुन्या मोटारीची मागची बाजू दबायची, म्हणून जावयाने कडक स्प्रिंगा घालून ती चार बोटं उचलली. कारण कळताच सासूबाईंनी मोटारीत पाय ठेवणं सोडलं. तेव्हापासून मोटारीला खालून घरघर लागली. जावयाने सांधे बदलले, बेअरिंगं बदलली, कोपरापर्यंत ग्रीस माखून घेतलं, आवाज हटेना. आज टॅक्सी आली नाही, तेव्हा सासूबाई नाक मुरडत मागे बसल्या आणि घरघर गायब! जावयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाजू उचलल्यामुळे मागच्या चाकांना फिरवणारा दांडा तिरका झाला होता; सासूबाईंच्या वजनाने तो रेषेत आला. पण हे बोलायचं कसं? "आवाज कशाने थांबला हो?" सासूबाईंनी विचारलं. जावयाने ऐकू न आल्यासारखं केलं. शेजारून बायको म्हणाली, "सांगा की आईला! आता कुठे घरघर आहे, ऐकू न यायला?"