तिसरं रिकॉलपत्र

आमच्या गाडीचा हँडब्रेक मोफत बदलण्यासाठी कंपनीने पाठवलेली रिकॉलपत्रं तीन होती, दुरुस्तीच्या नोंदी दोन. यवतमाळच्या शोरूमचा मॅनेजर तिसऱ्यांदा काम करायला तयार नव्हता. “कम्प्युटरवर काम पूर्ण दिसून राह्यलं, काका. पुन्हा कायले?” “फुलसावंगीले आमच्या अंगणात उतार आहे. गाडी सरकते, नात तिथंच खेळते,” बाबा म्हणाले. “मंग चाकाले दगड लावत जा न!” बाबांनी त्याला बाहेर नेलं. शोरूमच्या उतारावर गाडी उभी होती. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड. बाबा दगड काढायला वाकले. “ब्रेक चांगला आहे न, साहेब? मंग राहा उभे गाडीमांगं.” मॅनेजर दोन पावलं बाजूला सरकला. ओशाळून त्याने तिसऱ्या दुरुस्तीचं जॉबकार्ड काढलं. संध्याकाळी दुरुस्त गाडी त्याच उतारावर दगडाशिवाय लावून मी चाकापाशी खडूने रेघ मारली. दहा मिनिटांतलं सरकणं: शून्य मिलिमीटर.