सुकाणू

निजामाचं राज्य गेलं आणि पूर्णेकाठच्या गावात सभा भरली. मंचावर उत्तमराव छाती फुगवून सांगत होते, "वादळ मोठं होतं, पण मी सुकाणू सोडलं नाही. आपली नाव पैलतीराला लावली!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

खाली मातीत बसलेल्या संतराम भोयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रझाकार मागं लागले तेव्हा ऐन पुरात त्यानं आणि त्याच्या लेकानं, किसननं, बांबूनं नाव रेटत ह्याच उत्तमरावांना पलीकडं नेलं होतं. उत्तमराव तळाशी कडब्याखाली डोळे मिटून पडले होते.

संतराम उठला. "मालक!"

"बस रे खाली. तुझं नंतर."

"न्हाई बसत! नाव म्हनले, पैलतीर म्हनले. आमचे समदे शब्द घेतले तुमी. आमच्या नावेला कधी नव्हतं ते सुकाणूबी लावलं." संतरामचा आवाज फाटला. "तुमाला काठावर ढकललं अन् माझा किसन पुरात गेला. त्याच्यासाठी एक शब्द काहून न्हाई?"