ओनोरीनच्या चादरी

लेफ्टनंट व्होद्रे इस्पितळात वारला, हे पोस्टमनने सांगितलं तेव्हा ओनोरीन चादरींच्या घड्या घालत होती. हातातली चादर तिने तशीच खाली टाकली.

तीन दिवसांपूर्वी त्याचं विमान तिच्या कुरणात उलटलं होतं. लष्कराची विमानं पॅरिसहून बोर्दोला निघाली होती. वाटेतल्या गावांना हुकूम होता: टणक जमिनीवर पांढरं कापड पसरा, इंजिन बंद पडलं तर वैमानिक तिथे उतरेल. व्होद्रेचं इंजिन बंद पडलं. त्याला नदीकाठी पांढरं दिसलं. त्या ओनोरीनने वाळत घातलेल्या चादरी होत्या. खाली दलदल होती.

चौकशीला कॅप्टन आला. "गावाची खूण कुठे होती?"

"वरच्या माळावर, साहेब," गावचे मेयर म्हणाले. "या आन्सेल्मच्या गव्हालगत. सकाळीच पसरली होती."

आन्सेल्म म्हणजे ओनोरीनचा नवरा. त्याने मान डोलावली.

"म्हणजे पोराने दोन्हींतलं चुकीचं निवडलं," कॅप्टन म्हणाला आणि वही मिटली.

धुण्याच्या हौदावर शेजारीण झेलीने विचारलं, "काय गं ओनोरीन, आज कुणाला उतरवतेस?" बायका हसल्या. ओनोरीनने घरी येऊन सगळ्या चादरी अक्रोडाच्या सालीत उकळल्या, तपकिरी होईपर्यंत.

"वेडी आहेस का?" आन्सेल्म म्हणाला. "तुझा काय दोष?"

"मग कुणाचा? सांग ना."

"कुणाचाच नाही. जेव आता."

तिचं जेवण सुटलं. वैमानिकाच्या आईला तिने माफीचं पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट बघत हिवाळा काढला. फेब्रुवारीत खोकला छातीत उतरला. ती गेली.

उत्तर मार्चमध्ये आलं, तिच्या नावाने. आन्सेल्मने ते उभ्याउभ्याच वाचलं.

'बाई, तुमच्यावर माझा राग नाही. एवढंच सांगा. माझ्या मुलाची नजर फार चांगली होती. त्याला माळावरचं कापड कसं दिसलं नाही?'

माळावर तेव्हा कापड नव्हतंच. विमान बघायला लोक लोटले तर कापणीला आलेला गहू तुडवतील, म्हणून मेयरनी दिलेलं कापड आन्सेल्मने कोठारातच ठेवलं होतं. सगळा गाव कुरणाकडे धावला, तेव्हा त्याने ते माळावर नेऊन पसरलं.

त्या पत्राला त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.