आवाजाचं बटण

मनकर्णाने टॅब काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराकडे सरकवला.

"भाऊ, परवाच नेलाय तुमच्याकडनं. याची बटनं हालत्यात."

माळीवाड्याच्या एसटी स्टँडसमोरचं मोबाईलचं दुकान. दुकानदाराने टॅब उचलला, कडेच्या दोन्ही बटणांवरून अंगठा फिरवला, कानाशी नेऊन हलवून पाहिला. बारीक खुळखुळ आली.

"नॉर्मल आहे, मावशी. आजकाल सगळ्यांचीच थोडी हलतात. चालू आहे ना?"

"चालू हाय. पर हात लागला की आवाज आपोआप खाली जातो. कवा कवा तर समदंच बंद पडतं."

"जपून धरायचा मग."

तिचा नवरा कानिफनाथ शेजारीच उभा होता. गळ्याभोवती पांढरा रुमाल सैल गुंडाळलेला. आठ महिन्यांपूर्वी कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्याची स्वरपेटी काढली होती. त्याआधी एकवीस वर्षं तो मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारायचा. आता टॅबवर मराठीत टाइप करायचं, खालची स्पीकरची खूण दाबायची, की आतली बाई ते वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी बाईचा आवाज ऐकून दोघंही हसली होती. मग त्याच आवाजात त्याने नातीला नावाने हाक मारली आणि नात खरंच धावत आली.

कानिफनाथने टॅब स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने टाइप करायला लागला.

"काय झालं, काका?" दुकानदाराने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"ऐकू येतंय त्यांना," मनकर्णा म्हणाली. "निसतं बोलता येत न्हाई."

कानिफनाथ अक्षर शोधत राहिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक चार्जर मागायला आलं. दुकानदाराने त्याला चार्जर काढून दिला आणि परत मनकर्णाकडे वळला.

"असं करू, मावशी. कंपनीच्या सेंटरला पाठवतो. पंधरा दिवसांत येईल. पण तेही हेच सांगणार."

"पंधरा दिस यांनी काय करायचं?"

"तोवर मोबाईलवर…"

"मोबाईलची अक्षरं बारीक. यांना दिसत न्हाईत."

दुकानदाराने सुस्कारा टाकला. मागच्या फळीवरून नवा खोका काढला, सील फोडलं, दुसरा टॅब तिच्यासमोर धरला. "तुम्हीच बघा. याचंही हलतंय."

मनकर्णाने बोट लावून पाहिलं. हलत होतं. पहिल्याइतकं नाही, पण हलत होतं.

"पटलं ना? म्हणजे नॉर्मल."

मनकर्णाने बोट काढून घेतलं.

"भाऊ, यांचा आवाज बसला तवा आमच्याकडच्या डाक्टरनी ह्योच शब्द वापरला हुता," ती म्हणाली. "वरडायचं काम हाय, घसा बसनारच, नॉर्मल हाय. मी वरीसभर मिठाच्या पान्याच्या गुळन्या करायला देत हुते."

दुकानदाराने हातातला टॅब खाली ठेवला. चार्जरवालाही पैसे हातात धरून थांबला.

त्याच वेळी कानिफनाथचं टाइप करून झालं. त्याने टॅब उचलून दुकानदारासमोर धरला आणि खूण दाबली. बाई बोलू लागली. "बटन हालतंय ते हालू द्या. पन मी बोलताना तुमी…" आणि तिचा आवाज उतरत उतरत पार बुडाला. कानिफनाथचा तळवा कडेच्या बटणावर पडला होता. त्याने टॅब खाली ठेवला आणि काउंटरवर मूठ आपटली. काचेखालचे मोबाईल हादरले.

"काय म्हणाले?" दुकानदाराने मनकर्णाला विचारलं.

उत्तर तिच्या ओठांवर होतं. आठ महिने त्याच्या वतीने तीच बोलत आली होती; दवाखान्यात, बँकेत, सोयऱ्यांत. तिने तोंड उघडलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"त्यांनाच इचारा," ती म्हणाली.

दुकानदाराने भिंतीवरच्या स्पीकरवर चाललेलं गाणं बंद केलं. काउंटरवर कोपरं टेकून तो पुढे वाकला. कानिफनाथने टॅब आडवा ठेवला, आवाज पूर्ण वर नेला, दोन्ही हात मागे घेतले आणि फक्त बोटाच्या टोकाने खूण दाबली.

"बटन हालतंय ते हालू द्या. पन मी बोलताना तुमी हिच्याकडं बघता. माजं पुरं होईस्तोवर थांबत न्हाई. ही वस्तू मी बोलायला घेतली हाय. मधीच जानारा आवाज मला नको."

शहरी बाई त्याचे गावाकडचे शब्द अडखळत, एका सुरात वाचत होती. कुणी हसलं नाही.

"चुकलं, काका," दुकानदार म्हणाला. या वेळी तो कानिफनाथकडे बघत होता. "हा दुसरा घेऊन जा. जुन्याचं कंपनीशी काय ते मी बघतो. पण याचंही हलतंय, ते तुम्ही पाहिलंच. वापरून बघा आधी."

त्याने त्या टॅबवर वाचणारी बाई बसवून दिली. कानिफनाथने तो पाच वेळा हातात धरून बोलायला लावला, कधी डाव्या हातात, कधी उजव्या. चार वेळा आवाज टिकला. एकदा गेला. तिघांनीही ते ऐकलं. कानिफनाथने होकाराची मान हलवली आणि टॅब पिशवीत ठेवला.

बाहेर ऊन रणरणत होतं. समोर स्टँडवर त्यांच्या गावाकडची, तिसगावची एसटी फलाटाला लागलेली होती, कंडक्टर हाका मारत होता.

"हीच गाडी धरायची, का जेवून दुसरीनं जायचं?" मनकर्णाने विचारलं.

कानिफनाथ दुकानाच्या पायरीवरच थांबला. त्याने टॅब बाहेर काढला, उन्हात पडदा दिसेना म्हणून भिंतीच्या सावलीत सरकला आणि पहिलं अक्षर शोधू लागला. एसटी सुरू झाली. माणसं दारात लोंबकळली. त्याला भूक लागलीय, हे मनकर्णाला त्याच्याकडे बघूनच कळलं होतं. पिशवी या हातातून त्या हातात घेत ती त्याच्यासमोर उभी राहिली.