भुऱ्याच्या पोटातलं औषध

"कुत्र्याला रोग काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्याच्या पोटात शोकनाशक गोळ्या जातायत. म्हणून जुलाब थांबत नाहीत."

वृंदा भुऱ्याला घेऊन तणतणत घरी आली. "बाबा, आई गेल्यावर मी आणलेल्या गोळ्या तुम्ही याला चारता? मुकं जनावर महिनोन्महिने कळवळतंय!"

"त्याचे हाल केले, ही माझी चूक," वसंतराव म्हणाले. "पण मी त्या घेणार नाही."

"का? मी नाही घेत?"

"घेतेस ना! आईच्या तेराव्याला हसत हसत जिलब्या वाढत होतीस!" ते ओरडले.

वृंदाला ती पंगत आठवली. आईही आठवली, पण दुःख काही वाटेना. तिने संतापून दोघांच्याही गोळ्या मोरीत ओतल्या.

"बाबा, रडू यायला किती दिवस लागतील?"