सातेरीची साक्ष

“सहा आठवडे!” गोकुळदासनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. “कामकरी माशी फकत सहा आठवडे जगता म्हणे. तुका म्हायत होता?”

त्याचा धाकटा भाऊ यशवंत पेटीतली चौकट उन्हात धरून बघत होता. “खंयचा पुस्तक ता?”

“पेडण्याच्या वाचनालयातला. माशये कशे वागतत, ता सगळा आसा. वाचूक सोपा, गोष्टीसारखा. उद्या परत करूक होया. मागसून मास्तरांचो नंबर आसा.”

काजू मोहरली होती आणि परड्यातल्या आठ पेट्यांवर माश्यांची झुंबड उडाली होती. नववी पेटी फणसाखाली रिकामीच असायची. यशवंतची ती पहिली पेटी. मागे तो नाहीसा झाला होता, तेव्हापासून गोकुळदासनं तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. भाऊ असावा तर असा, असं वाडीतले लोक म्हणत.

यशवंत नाहीसा झाला तो बागायतीच्या वाटणीवरून भावाभावांत कडाक्याचं वाजलं त्याच आठवड्यात. पोलीस दोनदा आले. गोकुळदासनं दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. बारा वर्षांनी भटजी म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकून घेऊ. आई जानकी हटून बसली, माझा मुलगा जिवंत आहे म्हणून. आणि दोन वर्षांनी, गोवा राज्य झालं त्याच महिन्यात, पाळीच्या खाणीवरच्या एका ट्रकातून दाढीवाला माणूस मध विकत घ्यायला उतरला. जानकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं आवाज ऐकला आणि त्याचा हात घट्ट धरला. “येसो, इलंस?”

जानकीचं समाधान झालं. वाडीचं कसं होणार? या माश्यांना नावच सातेरीचं, देवीचं, आणि सातेरी घरच्या माणसाला डसत नाही असं इथं लहानथोर सगळे मानतात. दुसऱ्या दिवशी चार जाणत्यांसमोर त्यानं उघडा हात पेटीत घातला. एकही माशी चावली नाही. नारळ फुटला, रेशनकार्डावर नाव चढलं, संशय मिटला.

“म्हणजे बघ,” गोकुळदास सावकाश म्हणाला, “त्या दिवसाच्या माशयांनी तुका आदी कदी बघूकच नव्हता.”

“त्येंका त्येंच्या आजयेन सांगला आसतला.”

गोकुळदास हसला नाही. “माशी तोंड लक्षात ठेवणा नाय, वास ओळखता. असा लिवलाहा.”

यशवंतनं पुस्तकाकडे पाहिलं. उद्या हे पुस्तक मास्तरांच्या हाती जाणार, आणि मास्तर म्हणजे गावचं वर्तमानपत्र.

“आये हाक मारता,” तो म्हणाला.

खरंच जानकी जनेलातून हाक मारत होती. “येसो, मऊ उंडो ठेवलंय रे तुका. चाय निवता!”

दीड वर्ष झालं, ती रोज त्याच्यासाठी मऊ पाव बाजूला काढून ठेवायची. त्याआधी त्याच्यासाठी कुणी काही ठेवलं नव्हतं. त्याचं नाव गणेश. सावंतवाडीकडचा, आईबाप नसलेला, ट्रकावरचा क्लीनर. आपणही त्याला इतका वेळ यशवंतच म्हणत आलो, मग त्या म्हातारीचं काय चुकलं? तिनं हात धरला तेव्हा तो फक्त गप्प राहिला होता. हे घर सुटलं तर पुन्हा ट्रकाखालची झोप, या भीतीनं तो तेव्हापासून गप्पच होता.

त्यानं विषय बदलला. “दादा, ती फणसाखालची पेटी काडूया मा? ओलीक मेणकिडो लागतलो.”

“ती ऱ्हवांदी.” गोकुळदासनं पान उलटलं. “आता ह्या ऐक. पेटीक धूर दिलो की माशयांका वाटता आग लागली. मग ते पोटभर मध पितत. अशी पोट भरलेली माशी सहसा डसणा नाय.”

गणेशला आठवलं. त्या दिवशी पेटीतून काढलेल्या हाताला वास येत होता. जळलेल्या नारळाच्या सोडणाचा. देवीनं आपली लाज राखली असं समजून तो तेव्हापासून दर सोमवारी सातेरीच्या देवळातल्या वारुळाला फुलं वाहत होता.

त्यानं चौकट जपून पेटीत ठेवली. त्याला आता खोटं पेलवेना.

“दादा, मी येसो न्हय.”

“म्हायत आसा.”

“कदीसून?”

“तू ट्रकातसून उतरलंस तेव्हासून.”

“मग धूर?”

“फाटफटी उठान मीयाच दिलंय.”

गणेशला रडू फुटलं. ज्याला फसवलं म्हणून तो रोज कुढत होता, त्याच माणसानं त्याला घरात घेतलं होतं, आईच्या सुखासाठी, एका शब्दानं न बोलता. तो खाली वाकला आणि त्यानं गोकुळदासचे पाय धरले.

गोकुळदासनं पुस्तकातली ती दोन पानं शांतपणे फाडली, चुरगळली आणि माश्यांना धूर द्यायच्या धुराड्यात कोंबली. काडी ओढली.

“मास्तरांका काय्येक कळाचा नाय. डोळे पूस आणि चाय घे जा.”

“तुझे उपकार कशे फेडू, दादा? आयेसाठी तू...”

“आयेसाठी?” गोकुळदासनं फणसाकडे पाहिलं. “तू येसो होवन हंय बसलंस, म्हणान ती पेटी हलवन तिच्याखाली कोण खणूक येणा नाय.”